वर्गात मोबाईल निघतो तेव्हा डोक्यात काय चाललेले असते?

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, आणि कोकणात ठिकठिकाणी मोठ्या माणसांचे प्रशिक्षणवर्ग भरतात. कुठे डिझेल इंजिनाची दुरुस्ती, कुठे घरगुती वायरिंग, कुठे बचत गटांसाठी कोकम आणि काजूची प्रक्रिया. शिकवणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "मोठी माणसं, त्यांना ओरडता येत नाही. अर्धा वर्ग मोबाईलमध्ये असतो." समोर बसलेल्यांचीही ठरलेली: "सर, आता ह्या वयात डोक्यात काय शिरणा नाय." लक्ष देणे हा स्वभावाचा किंवा वयाचा प्रश्न आहे असे दोघेही धरून चालतात. ते बरोबर नाही. वर्गातली बरीचशी बेशिस्त धडा ज्या पद्धतीने मांडला जातो त्यातून तयार होते, आणि ती कशी होते हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

वयाचा मुद्दा आधी बाजूला करू. नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग तरुणपणानंतर हळूहळू कमी होतो, हे खरे आहे. पण शब्दसंपदा, धंद्यातले ज्ञान, अनुभवातून आलेली पारख या गोष्टी पुढेही कित्येक वर्षे वाढत राहतात. पन्नाशीचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पाण्याचा रंग आणि वारा पाहून जाळे कुठे टाकायचे ते ठरवतो, ते याच साठ्याच्या जोरावर. वर्गात त्या साठ्याला कोणी हात लावत नाही, ही खरी अडचण.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ. समोर आलेली माहिती तात्पुरती धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीला कार्यस्मृती म्हणतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची क्षमता सातच्या आसपास घटक असल्याचे मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासून हा आकडा चारच्या आसपास आणला. मनात घोळवत राहिले नाही, तर यातले बरेचसे अर्ध्या मिनिटाच्या आत निसटते. दीर्घकालीन स्मृतीला मात्र अशी मर्यादा व्यवहारात जाणवत नाही.

मग चार घटकांत कोणी इंजिन कसे दुरुस्त करतो? उत्तर 'घटक' कशाला म्हणायचे यात आहे, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना पट पाच सेकंद दाखवून ती मांडणी आठवणीतून लावायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी असेल तर निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर लावली. मोहरी वाटेल तशी मांडली, तेव्हा त्याची आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्याची कार्यस्मृती मोठी नव्हती. सवयीची रचना दिसली की अनेक मोहऱ्यांचा मिळून त्याच्यासाठी एकच घटक होत होता.

हेच इंजिनाला लावून पाहा. डिझेल संपेपर्यंत इंजिन चालवले, फिल्टर बदलला किंवा एखादा जोड सैल राहिला की इंधनाच्या मार्गात हवा शिरते आणि इंजिन सुरू होत नाही. जुना मेकॅनिक म्हणतो, "एअर घेतलीय, काढ." त्याच्यासाठी हा एक घटक. नव्या खलाशासाठी त्यात काय काय आहे? टाकीत डिझेल आहे ना आणि कॉक उघडा आहे ना, ते पाहणे. इंजिन बंद करायचा लिव्हर चालू स्थितीत आहे ना, ते तपासणे. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारणे, बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप मारत असतानाच स्क्रू आवळणे. मग इंधनपंपावरच्या एअर स्क्रूला तेच. मग नोझलकडच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडच्या) टोकाला पाइपाचे नट सुमारे एक फेरा सैल करून इंजिन फिरवणे, डिझेल उडू लागले की नट आवळणे, आणि शेवटी गळती पाहणे. यात पाना कोणत्या मापाचा, कोणता स्क्रू कोणता, हात कुठे ठेवायचा नाही (पंपाच्या पुढच्या भागातला जोरदार फवारा कातडीत घुसू शकतो) हे धरले, तर दहा-बारा सुटे तुकडे होतात. ते सर एका दमात सांगतात, वर भिंतीवरच्या इंग्रजी तक्त्याकडे बोट दाखवतात. चौथ्या तुकड्यानंतर काही धरता येत नाही आणि पुढचे बोलणे नुसता आवाज उरतो. मोबाईल निघतो तो इथे.

वाचनावरच्या प्रयोगांत हेच दिसले आहे: मजकूर अवघड झाला की मन जास्त भरकटते. पण दुसरी बाजूही आहे. ज्यांना विषय आधीच येतो त्यांचे मन सोप्या भागात भरकटते, नवख्यांचे अवघड भागात. म्हणजे एकाच बाकावर बसलेला विशीचा मुलगा आणि वीस वर्षे इंजिनावर काम केलेले काका, दोघांच्याही हातात मोबाईल असेल, पण कारणे उलट. दोघांना एकच दम देऊन काय होणार?

उपाय मिश्र आहे. नवख्याला आधी पूर्ण सोडवलेले उदाहरण द्यायचे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले. नुसती गणिते सोडवत बसलेल्यांपेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासणारे कमी वेळात शिकले आणि तशाच गणितांत कमी चुकले. कारण सरळ आहे. वाट शोधण्यातच कार्यस्मृती संपली तर रचना लक्षात यायला जागा उरत नाही. पुढे ॲलेक्झांडर रेंकल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सोडवलेल्या उदाहरणातली एकेक पायरी काढत नेली, आणि तीही शेवटाकडून, तर शिकणे चांगले होते. वर्गात याचा अर्थ असा: पहिल्या फेरीत सगळी एअर सर काढतात, खलाशी फक्त शेवटचा नट आवळतो आणि इंजिन सुरू करतो. दुसऱ्या फेरीत नोझलपासून पुढचे काम त्याचे. तिसऱ्यात इंधनपंपापासून. शेवटी टाकीपासून सगळे. प्रत्येक फेरीत इंजिन त्याच्याच हातून सुरू होते, आणि आपल्याला हे जमते हा विश्वास पहिल्याच दिवशी मिळतो. अल्बर्ट बँडुरा १९७७ पासून सांगत आले की असा विश्वास यायला स्वतः केलेल्या यशस्वी कृतीइतके बळ शाबासकीत नसते.

इथे 'का' सांगणे टाळू नये, कारण सुटे तुकडे एकत्र बांधणारा दोरा तोच आहे. हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबले जात नाही. नोझलची सुई उचलायला बऱ्याच इंजिनांत २०० बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट, दाब लागतो. नळीत बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा जोर बुडबुडा आकसण्यात जातो, दाब तिथवर चढत नाही, सुई उचलत नाही. हे एकदा पटले की 'धार सलग येईपर्यंत' हे पाठ करावे लागत नाही. फिल्टर, हातपंप आणि पंप एका फळीवर बसवून मधल्या कमी दाबाच्या भागात पारदर्शक नळी लावली, तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. पंचवीस-तीस जणांच्या तुकडीला अशा चार-पाच फळ्या हव्यात. एका इंजिनाभोवती तीस माणसे उभी केली तर मागच्या वीसांसाठी वर्ग सुटलेलाच असतो. पायऱ्यांचे आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिण्याऐवजी पांढऱ्या रंगाने थेट त्या-त्या स्क्रूशेजारी लिहावेत. तक्ता आणि वस्तू यांमध्ये नजर फिरवताना कार्यस्मृतीचा एक कप्पा फुकट जातो.

अनुभवी काकांना मात्र हे सोडवलेले उदाहरण देऊ नये. जे मार्गदर्शन नवख्याला तारते तेच जाणकाराचा वेग कमी करते, हे स्लाव्हा काल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडले. काकांना बिघाड शोधायला द्या. टाकीपासून पंपापर्यंतच्या खेचणाऱ्या बाजूचा एक जोड किंचित सैल करून ठेवा. चालत्या इंजिनात तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. गळती दिसत नाही आणि इंजिन दर थोड्या वेळाने बंद पडते. हा बिघाड शोधताना कोणी मोबाईल काढत नाही.

या सगळ्याऐवजी काही ठिकाणी प्रशिक्षणार्थींच्या बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगणाऱ्या चाचण्या पैसे घेऊन विकल्या जातात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, गर्भ पाच महिन्यांचा होण्याआधीच ठरून जातात. त्यावरून कोण वेल्डर होईल आणि कोण परिचारिका, हे सांगण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. ही हस्तरेषाच आहे, फक्त संगणकावर छापलेली. कोण 'बघून' शिकतो आणि कोण 'ऐकून' अशी विभागणीही तशीच. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरावे तपासले, तेव्हा त्या विभागणीनुसार शिकवल्याने फायदा होतो असे ठोस काही हाती लागले नाही. बचत गटातल्या ताईंचे पैसे यावर खर्च होऊ नयेत.

शिस्तीबद्दल जेकब कौनिन यांचे काम वाचण्यासारखे आहे. वर्गांचे चित्रीकरण तपासून त्यांनी १९७० मध्ये निष्कर्ष मांडला की गैरवर्तन झाल्यावर शिक्षक काय करतो याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आधीच्या गोष्टींनी: सगळ्या वर्गावर एकाच वेळी नजर असणे, दोन कामे एकत्र सांभाळणे, धड्याचा ओघ न तुटणे. हे वर्ग लहान मुलांचे होते, पण मोठ्यांच्या बाबतीत ओघ तुटण्याची किंमत जास्तच असते. पाना शोधायला सर पाच मिनिटे बाहेर गेले की वर्ग हातचा गेला. म्हणून पाने, चिंध्या, डिझेलचा डबा, हात पुसायचे कापड हे सगळे आदल्या दिवशी प्रत्येक फळीपाशी मांडलेले हवे.

आणि चारचौघांत अपमान नको. कोकणातल्या तुकडीत एकाच वाडीतली माणसे असतात. पुतण्यासमोर चुकलेले काका दुसऱ्या दिवशी येत नाहीत. प्रश्न सगळ्यांना विचारावा, मग किमान तीन सेकंद थांबावे. मेरी बड रो यांना आढळले की शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात; तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात, जास्त जण बोलतात आणि 'माहीत नाही' कमी होते. बोलायचेच नसेल त्याने स्क्रूवर बोट ठेवून दाखवावे, तेही उत्तरच आहे.

सुरुवातीची दहा मिनिटे हजेरीत घालवू नका. तेव्हा वही मिटून कालचे काम हाताने करून दाखवायला लावा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले. शिवाय पहिल्या दहा मिनिटांत हाताला काम मिळते हे कळले की उशीर कमी होतो. वर्गाची वेळ मात्र त्या गावच्या एसटीच्या वेळेवर ठरवावी. दहाची बस सव्वादहाला पोचत असेल तर दहाचा वर्ग भरवून रोज कुणावर तरी रागवण्यात अर्थ नाही.

विद्यावेतनाबद्दल जपून. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवले की आवडीने सोडवली जाणारी कोडी पैशांसाठी सोडवायला लावली, की पैसे थांबल्यावर आवड घटते. १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हाही हेच चित्र आले. नेमक्या कौतुकाने मात्र नुकसान झाले नाही. बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावीच, ती माणसाची गरज आहे. पण प्रत्येक बरोबर उत्तराला बक्षीस लावू नये. 'छान' म्हणण्यापेक्षा "पंप मारत असतानाच स्क्रू आवळलात, म्हणून हवा परत शिरली नाही" असे सांगावे.

जुलैत भातलावणी येते आणि तीन-चार दिवस अर्धी तुकडी शेतात असते. ही गैरहजेरी नोंदवून काही साधत नाही. अभ्यासक्रम दोन-तीन दिवसांच्या स्वतंत्र भागांत बांधावा: इंधनमार्ग, थंड करण्याची व्यवस्था, वंगण, विजेची जोडणी. चुकलेला भाग पुढच्या शनिवारी पुन्हा करता यावा. जुलैअखेर बंदी उठते, होड्या पाण्यात जातात, म्हणून शेवटची परीक्षा २५ तारखेच्या आत हवी. त्यात प्रत्येकाला एकट्याने, वही न पाहता, एअर घेतलेले इंजिन सुरू करायला द्यावे. नाही झाले तर कोणत्या पायरीवर अडले ते लिहून घ्यावे, आणि उरलेल्या दिवसांत तेवढीच पायरी त्याच्याकडून फळीवर पुन्हा करून घ्यावी.