सोलापुरात बाळंतपणाबद्दल तक्रार कुठं आणि कशी करायची : पात्रता, कागदपत्रं, अर्ज

माझ्या जावेचं सिझर झालं तेव्हा ते का करायचं हे कुणी सांगितलंच नाही, पाच-सहा कागदांवर सह्या घेतल्या आणि आत नेलं, नंतर फाईल मागितली तर "तुम्हाला कशाला पाहिजे फाईल" म्हणाले. तेव्हापासून ऑफिसांच्या पायऱ्या चढून जे कळलं ते लिहितेय.

तक्रार कोण करू शकतं? जिचं बाळंतपण झालं ती स्वतः, हे सगळ्यात बरं. ती अंथरुणावर असेल तर नवरा, आई, सासू, कुणीही चालतं, फक्त तिच्या सहीचं संमतीपत्र जोडा. रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, उत्पन्न किती, याचा काही संबंध नाही, विडी वळणारी असू दे नाहीतर बँकेतली.

कागदांत फाईल सगळ्यात महत्त्वाची. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावंच लागतं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. तोंडी मागू नका, दोन ओळींचा अर्ज द्या आणि झेरॉक्सवर तारखेसकट पोच घ्या, पोच नसेल तर पुढं कुणी ऐकत नाही हो. बाकी डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, बिलं आणि आधारची झेरॉक्स, ओरिजिनल कुणाला देऊ नका.

आता कुठं द्यायचं. शहरातलं खाजगी प्रसूतिगृह असेल तर महापालिकेचे आरोग्य अधिकारी, कारण १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी तिथंच होते आणि तपासणीचा अधिकारही त्यांनाच. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा ठिकाणचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडं द्या, एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. सिव्हिलमधलं असेल तर अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, नावानं. शुश्रूषागृह कायद्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दवाखान्यात दिसेल असं लावणं सक्तीचं केलंय, ते नव्हतं तर तेही अर्जात लिहा. अर्ज एक पानाचा पुरे, कुठल्या तारखेला किती वाजता काय झालं, कोण काय बोललं, आणि शेवटी तुम्हाला काय पाहिजे, चौकशी की लेखी खुलासा की पैसे परत.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या आणि जायची-यायची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून फुकट आहे, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवणसुद्धा. बाहेरून औषध आणायला लावलं तर ती चिठ्ठी आणि बिल अर्जाला जोडा. आणि कळा सुरू असताना सोबत एक बाई, जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी, थांबू शकते, सरकारी दवाखान्यांसाठी केंद्राच्या २०१६ च्या सूचना तशा आहेत. हे खूप जणींना माहीतच नसतं, आईला बाहेर बाकड्यावर बसवतात आणि आत पोरगी एकटी घाबरून जाते.

उत्तर आलं नाही तर कलेक्टर ऑफिसात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. भरपाई पाहिजे असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत.

एकटीच्या अर्जानं एकीचंच काम होतं, म्हणून माहिती अधिकारही वापरा. २०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी दवाखान्यांनी सिझरचं प्रमाण जाहीर करावं म्हणून ऑनलाइन याचिका केली होती आणि ती दिल्लीपर्यंत पोचली. तेच आपण इथं विचारू शकतो. जोडपत्र अ म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही नाही, मजकूर दीडशे शब्दांत आणि विषय एकच. महापालिकेच्या प्रसूतिगृहांत गेल्या वर्षी एकूण बाळंतपणं किती, त्यात सिझर किती, महिन्यावार द्या, एवढंच लिहा, खाजगींच्या तपासणीचे अहवाल पाहिजे असतील तर वेगळा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथंही पोच घ्यायची.