चौकोनी चाक आणि इतर नसते उद्योग

सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात ‘गॅरेज ५४’ नावाचं एक यूट्यूब चॅनेल चालवणारी मंडळी आहेत. यांचा धंदा म्हणजे जुन्यापुराण्या रशियन लाडा गाड्या धरायच्या, त्यांचे टायर उतरवायचे आणि त्या जागी सुचेल ते बसवायचं. लाकूड, साखळ्या, अगदी खिळेसुद्धा. मग गाडी पळवायची आणि काय मोडतं ते बघायचं. आपल्याकडे याला नसते उद्योग म्हणतात, आणि ते आहेतच. पण टायर रोज किती कामं गुपचूप करतो हे कळायला असल्या उद्योगांसारखी सोय नाही.

सगळ्यात आधी चौकोनी चाक घेऊ, कारण मला त्यातच खरी गंमत वाटते.

चौकोनाची बाजू ५० सेंमी धरा. सपाट बाजू जमिनीवर असताना आस २५ सेंमी उंचीवर असतो. चाक कोपऱ्यावर उभं राहिलं की उंची होते अर्ध्या कर्णाएवढी, म्हणजे ३५ सेंमीहून किंचित जास्त. थोडक्यात दर कोपऱ्याला १० सेंमी चढ आणि तेवढाच उतार, एका फेऱ्यात चार वेळा. एक टनाची गाडी दर खेपेला एवढी उचलायची तर साधारण १००० ज्यूल ऊर्जा लागते. उतरताना ती परत मिळाली असती तर ठीक होतं, पण सपाट बाजू जमिनीवर थाडकन आपटते आणि बरीचशी ऊर्जा आवाजात, उष्णतेत आणि बेअरिंगची वाट लावण्यात जाते. सपाट रस्त्यावर गोल चाकाचा आस उंची बदलतच नाही, त्यामुळे हा हिशेबच उद्भवत नाही.

आता वेग वाढवा. वाटतं की हाल वाढतील. तसं सरळ होत नाही. आपल्या चौकोनी चाकाला दर मीटरमागे दोन दणके बसतात. गाडीचं वरचं धूड स्प्रिंगांवर बसलेलं असतं आणि मोकळं सोडलं तर ते सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली झुलतं. ताशी दोन-तीन किमी वेगाला, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहून कमी वेगाला, दणके नेमके याच ठेक्यात येतात आणि गाडी आतल्या माणसांसकट हेलकावे खाते. चाक आणि आस यांचा स्वतःचा ठेका सेकंदाला दहाच्या आसपास असतो. तो ताशी १८ किमीच्या सुमारास जुळतो. तेव्हा चाकं नुसती थडथडतात. त्यापुढे ताशी ३६ किमीला सेकंदाला वीस दणके येतात आणि त्यामागे धावायला जड बॉडीला वेळच मिळत नाही. चाक पुरतं खाली येण्याआधी पुढचा कोपरा हजर असतो, गाडी जणू कोपऱ्यांच्या टोकांवरूनच सरकत राहते. आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक बदलतील. पण वेग वाढल्यावर आतल्या माणसाला हायसं वाटतं ते याच कारणाने. ब्रेक आणि स्टिअरिंगबद्दल मात्र त्याने विचारू नये. चाक जमिनीला जेमतेम शिवत असेल तर गाडी थांबणार कशाच्या जोरावर आणि वळणार कशाच्या?

चाक चौकोनी ठेवून रस्ता बदलला तर? अमेरिकेत सेंट पॉल इथल्या मॅकॅलेस्टर कॉलेजातले गणितज्ञ स्टॅन वॅगन यांनी तेच केलं. दोन टोकांना धरलेली साखळी मध्ये झोल घेते, त्या वक्राला कॅटेनरी म्हणतात. ही कॅटेनरी उलटी करून तिचे उंचवटे एकापुढे एक मांडले की त्यांवरून चौकोनी चाक असं लोळतं की आस एका सरळ रेषेत जातो. चाक कोपऱ्यावर उभं राहतं तेव्हा खाली खोलगट जागा असते, बाजू सपाट पडते तेव्हा खाली उंचवटा असतो. दोन उंचवटे मिळतात तिथे बरोबर काटकोन होतो आणि चाकाचा कोपरा त्यात चपखल बसतो. न्यूयॉर्कच्या गणित संग्रहालयात अशा रस्त्यावर चालणाऱ्या चौकोनी चाकांच्या तिचाक्या आहेत. तिथला मार्ग गोल असल्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या चाकांचा आकार मुद्दाम वेगळा ठेवला आहे. पंचकोन, षटकोन यांनाही असे रस्ते बनतात, उंचवटे तेवढे बसके होत जातात. त्रिकोणाला मात्र जमत नाही. त्याचं टोक खाचेत पोचण्याआधीच पुढच्या उंचवट्यात घुसतं.

त्रिकोणाच्या बाजू फुगवल्या तर तोही थोडाफार शहाण्यासारखा वागतो. चीनमधल्या चिंगदाओच्या ग्वान बाइहुआ यांनी २००९ मध्ये अशीच सायकल बनवली, पुढे फुगीर पंचकोन आणि मागे फुगीर त्रिकोण. या आकारांची रुंदी कुठूनही मोजली तरी सारखीच भरते. म्हणून त्यांच्यावर फळी ठेवून ढकलली तर ती डुगडुगत नाही. आस मात्र वरखाली होतोच, त्रिकोणात रुंदीच्या सुमारे १५ टक्के. सायकलची फ्रेम थेट आसावर टेकवली तर बसणाऱ्याचं कंबरडं मोडेल. २०२३ मध्ये ‘द क्यू’ या चॅनेलवर आलेली चौकोनी चाकाची सायकल सपाट रस्त्यावर छान चालते, पण ती चलाखी आहे. तिथे चौकट फिरतच नाही, तिच्या कडेने रबरी पट्टा फिरतो, रणगाड्यासारखा.

आकार सोडून आता पदार्थाकडे येऊ. लोखंडी चाक हे मुळात वाईट चाक नव्हे. रेल्वेचं पोलादी चाक रुळावर लोळायला रबरी टायरच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढाच जोर घेतं. आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकालाही लोखंडी धाव, म्हणजे भोवतीची पट्टी, असायचीच. ती गोवऱ्यांच्या आगीत पाच-सहाशे अंश तापवली की साडेतीन-चार मीटरच्या घेरात दोन-अडीच सेंमी वाढते. तशीच लाल असताना चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, की आकसून सगळे सांधे आवळून धरते. बैलाच्या चालीला हे पुरत होतं. पण खडा आडवा आला तर कडक चाकाला स्वतः वर चढावं लागतं, हवेचा टायर मात्र तेवढ्या जागी दबतो आणि खडा गिळून पुढे जातो. रॉबर्ट थॉमसन यांनी हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं. तो चालला मात्र १८८८ मध्ये डनलॉप यांनी नव्याने बनवल्यावर. १२०० किलोची गाडी, टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, तर दर चाकाचा सुमारे १३५ चौरस सेंमी भाग, म्हणजे एक तळहात, रस्त्याला टेकलेला असतो. सगळी पकड तेवढ्यात. खिळ्यांच्या चाकाला डांबरावर त्यातलं किती मिळणार?

बर्फाचीही चाकं झाली आहेत. २०१५ मध्ये लंडनमध्ये एका लेक्सस गाडीला बर्फ कोरून केलेली चाकं लावली होती, आत एलईडी दिवे. दिसायला झकास, पण ती उघड जाहिरात होती.

‘व्हिसलिनडीझेल’ या अमेरिकी यूट्यूबरने टेस्लाला दहा फूट व्यासाची चाकं लावली, इतकी मोठी की गाडी उलटी करूनही चालावी. यात एक साधा हिशेब दडलाय. मोटर चाकाला जे पिळतं ते जमिनीपर्यंत पोचताना चाकाच्या त्रिज्येने भागलं जातं. मूळ चाक ६७ सेंमीचं धरलं तर नवं साडेचारपट मोठं, म्हणजे जमिनीवरचा रेटा साडेचारपटीने कमी. ब्रेकचीही तीच गत. आणि वेगदर्शक बिचारा फेरेच मोजतो. तो २० दाखवतो तेव्हा गाडी ताशी ९० किमीने पळत असते.