नेम स्थिर कसा होतो : व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नेम चुकतो म्हणून नवा माऊस घ्यायला आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांना आम्ही आधी एक विनंती करतो : गोळी झाडताना आपले पात्र चालत असते की थांबलेले असते, हे एकदा तपासून पाहावे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्ही बंदुकीच्या संगणक-खेळांत धावताना रायफलमधून झाडलेल्या गोळ्या क्रॉसहेअरच्या (पडद्यावरील नेमाच्या खुणेच्या) मध्यावर न जाता आजूबाजूला विखुरतात, कारण खेळाची रचनाच तशी केलेली आहे. त्यामुळे क्रॉसहेअर प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर असूनही गोळी हुकते आणि दोष माऊसला दिला जातो, जेव्हा की बहुतेक वेळा चूक कीबोर्डवरच्या डाव्या हाताची असते.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये की सोडल्यावरही पात्र क्षणभर घसरत राहते. उजवीकडे जाताना ‘डी’ सोडून लगेच डावीकडे नेणारी ‘ए’ हलकेच दाबली, तर ते तिथल्या तिथे थांबते; यालाच काउंटर-स्ट्रेफिंग म्हणतात. एके-४७ रायफल हातात असताना धावण्याचा वेग सेकंदाला २१५ युनिट (खेळातील अंतराचे माप) असतो आणि तो साधारण एक-तृतीयांशावर उतरला की पहिली गोळी पुन्हा भरवशाची होते. व्हॅलोरंटमध्ये पात्र त्या मानाने लवकर थांबते, म्हणून तिथे उलट की दाबण्यापेक्षा की वेळेवर सोडणे महत्त्वाचे ठरते. सराव साधा आहे : रिकाम्या सर्व्हरवर किंवा व्हॅलोरंटच्या रेंजमध्ये (सरावाच्या जागेत) भिंतीसमोर उभे राहावे, एक पाऊल बाजूला टाकावे, थांबावे, एकच गोळी झाडावी आणि भिंतीवरची खूण पाहावी. खुणा एका जागी पडू लागेपर्यंत वेग वाढवू नये. एम लॅब किंवा कोव्हाक्स यांसारख्या सराव-कार्यक्रमांनी माऊसवरचा ताबा नक्कीच सुधारतो, परंतु त्यांतील बरेचसे सराव एका जागी उभे राहूनच करायचे असल्याने थांबण्याची सवय त्यांतून लागत नाही.

दुसरी बाब क्रॉसहेअरच्या उंचीची. एके-४७ आणि व्हॅलोरंटमधील वँडल या दोन्ही रायफलींचा एक हेडशॉट (डोक्यावर लागलेली गोळी) जवळपास कोणत्याही अंतरावरून प्रतिस्पर्ध्याला बाद करण्यास पुरेसा असतो. म्हणून कोपऱ्यावरून वळण्यापूर्वीच, प्रतिस्पर्ध्याचे डोके जिथे दिसण्याची शक्यता आहे तिथे क्रॉसहेअर ठेवलेले असेल, तर माऊस फार हलवावाच लागत नाही. चालताना नजर जमिनीकडे झुकण्याची सवय असेल, तर ती सर्वांत आधी मोडावी.

सेन्सिटिव्हिटीबाबत, म्हणजे माऊस हलवल्यावर नजर किती फिरते याच्या सेटिंगबाबत, आमचे मत ठाम आहे : आकडा कोणता, यापेक्षा तो न बदलता ठेवणे अधिक मोलाचे असते. माऊसचा ८०० डीपीआय (एक इंच सरकल्यावर माऊस नोंदवतो ती मोजणी) आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेन्सिटिव्हिटी १ ठेवल्यास पूर्ण ३६० अंश फिरण्यासाठी माऊस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. हाच वेग व्हॅलोरंटमध्ये हवा असल्यास त्या आकड्याला ३.१८ ने भागावे, म्हणजे ०.३१४ येते. या सेटिंगवर मागे वळून पाहण्यासाठीच २६ सेंटिमीटर लागतात आणि म्हणून २० सेंटिमीटर रुंदीच्या माऊसपॅडवर मध्येच माऊस उचलून ठेवावा लागतो. असा ग्राहक नवा माऊस मागतो तेव्हा आम्ही त्याला मोठा पॅड घेण्यास सुचवतो. त्याचा खर्चही बराच कमी असतो. हात मनगटाऐवजी कोपरापासून फिरावा, यासाठी टेबलावर कोपर टेकवण्याइतकी जागा मोकळी ठेवावी.

१४४ हर्ट्‌झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा) मॉनिटर घेतलेल्या ग्राहकांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो खरोखरच १४४ वर चालतो आहे ना, हे पाहावे. तो ६० वर राहिला असेल, तर प्रत्येक नवे चित्र सुमारे ७ ऐवजी १६.७ मिलिसेकंदांनी येते आणि हलत्या प्रतिस्पर्ध्याचा मागोवा घेणे विनाकारण कठीण होते.

काही नव्या कीबोर्डांत ‘ए’ आणि ‘डी’ यांतील शेवटी दाबलेली की आपोआप ग्राह्य धरण्याची सोय असते. रेझर कंपनीची स्नॅप टॅप ही त्यांपैकीच एक. ऑगस्ट २०२४ पासून काउंटर-स्ट्राइक २ बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने त्या खेळाच्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर या सोयीला मनाई केली असून ती वापरणाऱ्या खेळाडूला चालू सामन्यातून बाहेर काढले जाते. असे कीबोर्ड आम्ही विकतो, मात्र ही सोय बंद कशी करायची हे विक्रीच्या वेळीच करून दाखवतो. ज्यांनी तो अन्यत्र घेतला असेल, त्यांनीही कीबोर्ड घेऊन यावे. यासाठी आम्ही कोणतेही शुल्क घेत नाही.