ट्रेलरच्या ब्रेकची वायर जाड का हवी?

(इलेक्ट्रिक ब्रेक असलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या मालकांसाठी माहितीपत्रक)

शू नवे, ड्रम घासून घेतलेले, मॅग्नेटही बदललेले. तरी कंट्रोलर (ट्रेलरच्या ब्रेकला किती वीज द्यायची ते ठरवणारं गाडीतलं उपकरण) पूर्ण वाढवला की ट्रेलर मागून ढकलतोच. ही तक्रार घेऊन कोणी आलं, की आम्ही चाक खोलण्याआधी मल्टिमीटर काढतो. दोष ब्रेकचा नसून वायरचा आहे, असं अनेकदा निघतं.

इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये मॅग्नेटला वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला आतून चिकटतो, ड्रमबरोबर ओढला जातो, लिव्हर हलवतो आणि शू ड्रमवर दाबले जातात. मॅग्नेट किती घट्ट चिकटेल, हे त्यातून जाणाऱ्या करंटवर ठरतं. करंट कमी पडला तर नव्याकोऱ्या शूचाही उपयोग नाही.

आता हिशेब पाहा. १२ इंची ड्रमच्या मॅग्नेटचा रोध साधारण ३.२ ओहम असतो. म्हणजे १२ व्होल्टवर एका चाकाला ३.७५ अँपिअर आणि दोन अ‍ॅक्सलच्या चार चाकांना १५ अँपिअर. अनेक ट्रेलरमध्ये कारखान्यातूनच १६ गेजची, म्हणजे सुमारे १.३ चौ. मिमीची वायर आलेली असते. गाडीला ट्रेलरची वायर जोडणाऱ्या प्लगपासून अ‍ॅक्सलपर्यंत ८ मीटर अंतर धरा. वीज जाते तशी परतही यावी लागते, म्हणून वायर १६ मीटर. प्लगवर पूर्ण १२ व्होल्ट असले तरी मॅग्नेटपाशी जेमतेम साडेनऊ उरतात. ब्रेकची पाचव्या हिश्श्याची ताकद वायर तापवण्यात जाते. तेवढ्याच अंतरावर १० गेजची, म्हणजे सुमारे ५.३ चौ. मिमीची वायर टाकली, तर मॅग्नेटला सव्वाअकरा व्होल्ट मिळतात.

परतीची वायर

इथे काटकसर करू नका, हे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो. पुरवठ्याची वायर जाड टाकायची आणि अर्थ (वीज परत नेणारी वायर) मात्र शॅसीच्या एखाद्या गंजक्या स्क्रूवर सोडायचा, याला अर्धवट काम म्हणतात. अर्थची वायरही तेवढ्याच जाडीची, थेट प्लगपर्यंत नेलेली हवी. हिचच्या, म्हणजे गाडी-ट्रेलर जोडाच्या, गोळ्यातून वीज परत येईल या भरवशावर राहू नका. तिथे ग्रीस असतं, गंज असतो, आणि गाडी हलली की संपर्क तुटतो.

अ‍ॅक्सलच्या नळीतली वायर

बऱ्याच ट्रेलरमध्ये एका बाजूच्या ब्रेककडून दुसऱ्या बाजूकडे जाणारी वायर अ‍ॅक्सलच्या नळीतून सैल सोडलेली असते. प्रत्येक खड्ड्याला ती आत आपटते आणि वर्षानुवर्षं घासून तिचं आवरण जातं. मग तांबं लोखंडाला टेकतं आणि कंट्रोलर शॉर्ट दाखवतो. कधी दाखवतो, कधी नाही, म्हणून हा दोष शोधायला सर्वांत त्रासदायक. आम्ही ती वायर नळीतून काढून टाकतो आणि नवी अ‍ॅक्सलच्या बाहेरून, संरक्षक पाइपमध्ये घालून, पट्ट्यांनी बांधून नेतो. अ‍ॅक्सल वरखाली होतो, म्हणून शॅसीवरून उतरताना वायरला थोडी ढील ठेवावी लागते. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट (कडेने वायर कापू नये म्हणून भोकात बसवायची कडी) हवाच.

जोड

वायर न सोलता चिमट्याने दाबून बसवायचे जोड ट्रेलरखाली टिकत नाहीत. चाकाने उडवलेलं पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. जोड योग्य क्रिंपरने दाबावा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) बसवावी. वायर शुद्ध तांब्याची, बारीक तारांची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. मॅग्नेटच्या दोन वायर एकाच रंगाच्या असल्या तर गोंधळू नका. कुठलीही पुरवठ्याला आणि कुठलीही अर्थला चालते.

ब्रेकअवे स्विच

ट्रेलर गाडीपासून सुटलाच, तर दोरीने पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरची बॅटरी सगळे ब्रेक लावते. नव्या वायरिंगमध्ये तिची जोडणी तपासल्याशिवाय आम्ही ट्रेलर परत देत नाही. घरी तपासताना आधी प्लग गाडीतून काढा, नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीची वीज उलटी कंट्रोलरमध्ये जाऊन तो बिघडू शकतो. पिन ओढून ठेवून विसरू नका. मॅग्नेट तापतात, बॅटरी उतरते.

आमच्याकडे आणण्याआधी

ट्रेलर ओढणारी गाडीही सोबत आणा. गाडीतली कंट्रोलरपासून प्लगपर्यंतची वायर बारीक असेल तर ट्रेलरमधलं काम निम्मंच उपयोगी पडेल. आधी स्वतः मोजायचं असेल तर इंजिन चालू ठेवून कंट्रोलरची हातची लिव्हर शेवटपर्यंत दाबा आणि मॅग्नेटच्या दोन वायरमध्ये व्होल्टेज बघा. लिव्हर अर्धवट दाबली तर कंट्रोलर वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतो आणि साध्या मीटरवरचा आकडा फसवतो.

काम झाल्यावर कंट्रोलर जुन्या आकड्यावर ठेवून थेट रस्त्यावर निघू नका. आता तेवढ्याच आकड्याला ब्रेक जास्त पकडतात आणि चाकं लॉक होऊ शकतात. आकडा बराच खाली आणा. मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी ३० ते ४० किलोमीटरने चालवत लिव्हर दाबून पाहा आणि थोडाथोडा वाढवत न्या. चाकं लॉक होऊ लागली की एक पायरी मागे घ्या. ट्रेलर भरलेला असताना हीच चाचणी पुन्हा करा.