दहावीच्या हॉलमधून वर्गात: डिस्लेक्सियाची उलटी वाट

१८९६ साली इंग्लंडमधल्या सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा चुणचुणीत, खेळात चपळ. पण स्वतःच्या नावातली अक्षरंही मागेपुढे व्हायची. सगळं तोंडी शिकवलं असतं तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत. वाचन-लेखनातल्या या अडचणीसाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी, १८८०च्या दशकात, जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी काढला होता. पुढे कळलं की दोष डोळ्यांत नाहीच. शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जुळवताना गाडं अडतं.

महाराष्ट्रात हा विषय आला तो थेट परीक्षेच्या हॉलमधून. १९९६ साली राज्य सरकारने नववी-दहावीच्या अशा मुलांना सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. सवलतींमुळे मुलं दहावीला तरली, यात वाद नाही. पण पालकांची धावपळही मग मूल नववीत पोचल्यावरच सुरू व्हायची, आणि डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र फायलीला लागलं की शाळेला आपलं काम संपलंसं वाटायचं.

मराठी बोलतो तशीच लिहितो, मग आपल्या मुलांना कसला त्रास, हा समज अजून ऐकू येतो. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘तऱ्हा’ लिहून बघा. र एकच, पण रूपं चार. ‘सूर्य’मध्ये तर तो उच्चारायचा य-च्या आधी आणि बसतो य-च्या डोक्यावर. पहिली वेलांटी लिहायची अक्षराआधी, म्हणायची नंतर! तरी मराठी मुलांची पारख बराच काळ इंग्रजी चाचण्यांवर चालली. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही केला, तो गेल्या दशकात.

१९९५च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या प्रकाराचं, नाव नव्हतं. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आलं. तरी मी पाहिलेल्या आठवी-नववीच्या वर्गांत गोष्ट फळ्यापाशीच अडते. फळा भरतो, ‘उतरवून घ्या’ म्हणतात, अर्ध्या मुलांचं होतं न होतं तोच पुसला जातो. त्या फळ्याचा फोटो काढू देणं, धडा वाचायला उभं न करणं, घटक चाचणीत प्रश्न वाचून दाखवून उत्तर तोंडी घेणं, एवढ्यासाठी मंडळाची परवानगी लागत नाही.