गळाचं जिवंत आमिष: मडक्यापासून बॅटरीच्या पंपापर्यंत

माळव्याच्या काळ्या मातीत गांडूळ वर येतं ते पाऊस पडल्यावर. जुलैमध्ये इंदूरच्या आसपास एखाद्या बांधावर कुदळीचे दोन घाव घातले की मूठभर गांडुळं हाताला लागतात. पण मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंदीकाळ, कारण याच दिवसांत मासे अंडी घालतात. म्हणजे आमिष मुबलक असतं तेव्हा गळ टाकता येत नाही. पुढे मार्च ते मे महिन्यांत पाणी उतरून मासा डोहात गोळा होतो, तेव्हा जमीन भेगाळलेली असते आणि गांडुळं खोल जाऊन गुंडाळी करून निपचित पडलेली असतात. इथल्या गळवाल्याला आमिष साठवावं लागतं ते या उलट्या वेळापत्रकामुळे.

दुसरी अडचण अंतराची. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. घाट उतरून बडवाह किंवा मंडलेश्वरला नर्मदेकाठी पोचेपर्यंत ही उंची दोनशे मीटरच्याही खाली येते आणि निमाडचं ऊन सुरू होतं. पहाटे घरून निघताना वळवळणारा डबा दुपारी बारापर्यंत लिबलिबीत होऊन वास मारतो, तो या उतारामुळे. आमिष टिकवण्याची जी जी साधनं निघाली, ती सगळी ऊन, कोंडलेली हवा आणि जिवांची स्वतःची घाण यांच्याशी झगडत आली आहेत. यातलं एक आवरताना दुसरं बळावतं, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

आपल्याकडे गळाच्या मासेमारीचं सविस्तर जुनं वर्णन बाराव्या शतकातलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. माशांच्या जाती, गळाची काठी, दोर, आमिष आणि माशांना घालायचं खाद्य हे सगळं त्यात येतं. (जुन्या मराठीच्या ओळी सापडतात म्हणून मराठीचे अभ्यासक ज्याचं नाव घेतात तो हाच ग्रंथ.) पण ती राजाची करमणूक होती. आमिष पाठीवर घेऊन घाट उतरण्याची वेळ राजावर येत नाही.

साठवणुकीचा बारकाईने विचार इंग्लंडमध्ये १६५३ साली छापला गेला. आयझॅक वॉल्टनने ‘द कंप्लीट अँग्लर’ या गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तकात गांडुळं शेवाळात ठेवायला सांगितली: शेवाळ धुऊन घट्ट पिळायचं, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि थंडीत आठवड्याने बदलायचं, गांडुळं रोडावली तर त्यावर रोज चमचाभर दूध थेंब थेंब टाकायचं. दुधाचा भाग आपल्या हवेत सोडून द्यावा. चाळीस अंशांत ते आंबतं आणि सगळा साठा नासतो. बाकीचं आजही खरं आहे. माती न खाता दोन-तीन दिवस राहिलेल्या गांडुळाचं पोट रिकामं होतं, कातडी चिवट होते आणि गळाला लावताना ते फुटत नाही. माळव्यात तसं जाड शेवाळ मिळत नाही. त्याच्या जागी नारळाचा काथ्या किंवा धुऊन कापलेलं गोणपाट चालतं. काथ्या मात्र आधी दोन-तीन पाण्यांतून काढावा, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं आणि मीठ गांडुळाला मारतं.

गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं. कातडी सुकली तर ते गुदमरतं आणि साचलेल्या पाण्यात हवा संपली तरीही गुदमरतं. त्यामुळे ओलावा नेमका लागतो. अंथरूण मुठीत दाबलं की बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं. या बाबतीत जुन्या काळी कोरं मडकं फार चांगलं साधन होतं. त्याच्या अंगातून पाणी झिरपतं, वाळतं आणि आतला भाग गार राहतो, हवाही खेळते. पाच लिटरच्या मडक्यात अर्धी माती आणि अर्धा कुजलेला पालापाचोळा भरून दीडशे-दोनशे गांडुळं सुखाने राहतात. मडकं ओल्या वाळूच्या परातीत, सावलीत ठेवायचं आणि तोंडावर ओलं गोणपाट बांधायचं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत याचा गारवा हाताला स्पष्ट कळतो. पावसाळ्यात मात्र हवाच दमट असल्याने पाणी वाळत नाही आणि मडक्याचा हा गुण जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय मडकं फुटतं, आणि मोटारसायकलवरून घाटात नेता येत नाही.

मग पत्र्याचे डबे आले. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि त्याचे रिकामे डबे घरोघरी साठू लागले. गळवाल्यांना ते फुकट मिळत. पत्रा फुटत नाही, पण उन्हात भराभर तापतो. झाकणाला खिळ्याने भोकं पाडताना बाहेरून आत ठोकलं तर आतल्या बाजूला धारदार कड राहते आणि तिने गांडुळं चिरली जातात. भोकं आतून बाहेर ठोकावीत आणि बारीक ठेवावीत, कारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरहून मोठ्या भोकातून लहान गांडुळं रातोरात निघून जातात.

प्लास्टिकने ओलाव्याचा प्रश्न सोडवला आणि हवेचा बिघडवला. आइस्क्रीमच्या डब्यात वाफ धरते, झाकणाच्या आतून थेंब गळतात, तळाशी पाणी साचतं, तिथलं अंथरूण आंबतं. आमिष वरून ताजं दिसतं, पण तळाचं मेलेलं असतं. एक गांडूळ मेलं की लगेच सडून त्यातून अमोनिया सुटतो आणि शेजारची मरू लागतात. संध्याकाळी ठीक असलेला डबा सकाळी एकाएकी गेलेला दिसतो तो असा. उपाय साधा आहे: भोकं झाकणाला पाडावीत तशीच बाजूंनाही वरच्या कडेजवळ पाडावीत, तळाशी कोरड्या वर्तमानपत्राची घडी ठेवावी आणि रोज एकदा उपसून मेलेली वेचून टाकावीत. या रोजच्या वेचणीला पर्याय नाही, डबा कितीही महागाचा असो.

गांडूळ मिळवण्याच्या बाजूने इंदूरचं नाव जगभर गेलं, तेही खताच्या निमित्ताने. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ या काळात काम केलं आणि यशवंत वाड यांच्यासोबत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ मांडली. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. साधारण दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी ढीग उलटायचा. तीन महिन्यांत खत तयार होतं. गळवाल्याने यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुरुवातीला ढिगाचं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं आणि त्यात गांडूळ जगत नाही. गांडुळं येतात ती ढीग निवल्यावर, कडेच्या ओलसर भागात. ताजा, वाफाळता ढीग उकरून काही मिळत नाही. पुढे गांडूळखताचा प्रसार झाला तेव्हा त्यासाठी पाळलेली बारीक लाल जात विकत मिळू लागली आणि उन्हाळ्यातली टंचाई बरीच कमी झाली. ही जात साधारण १५ ते २५ अंशांत खूश असते. नवीन डब्यात पहिल्या रात्री ती पळायला बघते. डब्यावर दिवा चालू ठेवला तर उजेड टाळण्यासाठी खाली बसते आणि दुसऱ्या दिवसापासून रुळते. तिसऱ्या दिवशीही वर चढत असेल तर अंथरूण आंबट झालं आहे असं समजून सगळं बदलावं.

घरातल्या फ्रिजने साठवणुकीत सगळ्यात मोठा बदल केला. गोदरेजचा पहिला फ्रिज १९५८ चा, पण मध्यमवर्गीय घरांत तो बऱ्याच उशिरा पोचला. भाजीच्या कप्प्यात आठ-दहा अंशांना शेतातली जाड गांडुळं दोन-तीन आठवडे राहतात. मागच्या भिंतीला डबा टेकवू नये, तिथे गोठतं. घरच्यांची संमती आणि वेगळा, खूण केलेला डबा या दोन गोष्टी आधी कराव्यात. प्रवासात हाच गारवा थर्माकोलच्या पेटीने राखता येतो: तळाशी पाणी भरून गोठवलेली बाटली, तिच्यावर जाड वर्तमानपत्र, त्यावर डबा. सुटा बर्फ टाकू नये. तो वितळून डब्यात शिरतो आणि गांडुळं बुडतात.

जिवंत लहान मासा हे वेगळंच प्रकरण आहे. मरळ किंवा शिंगाडा या माशांसाठी तो लावतात, पण त्याला पाण्यातच न्यावं लागतं आणि पाण्यातली हवा मर्यादित असते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसात. त्याच वेळी उबेने माशाची गरज जवळजवळ दुप्पट होते. ऊन दोन्हीकडून मारतं ते असं.

यावरचा जुना आणि सुंदर तोडगा समुद्रावरचा आहे. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरचे मच्छीमार ट्यूना काठीने पकडतात आणि त्यासाठी बोटभर लांबीचे मासे जिवंत नेतात. त्यांच्या होडीच्या तळाला भोकं असतात. ती उघडली की समुद्राचं पाणी आमिषाच्या कप्प्यात सतत खेळतं, आणि आत आलेलं जास्तीचं पाणी माणसं उपसत राहतात. गोड्या पाण्यात हे काम हंडीने केलं. बंगालमधून मत्स्यबीज मातीच्या हंड्यांतून रेल्वेने दूरवर जात असे, आणि सोबतचा माणूस वाटभर हंडी हलवत बसे. हलवण्याचं कारण एवढंच की पाण्याचा पृष्ठभाग मोडला की हवा मिसळते. पुढे प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या: एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू आणि वर आधाराला पत्र्याचा डबा. आज बाजारात मिळणारा बॅटरीवरचा छोटा पंप हंडी हलवणाऱ्या माणसाचंच काम करतो.

दहा लिटरच्या बादलीत पंप चालू असेल तर दोन बोटं लांबीचे पंधरा-वीस मासे, नसेल तर निम्मे. हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र दगड) तळाला टेकलेला हवा, बुडबुडे बारीक हवेत. निघण्याआधी चोवीस तास माशांना खायला घालू नये, म्हणजे पाणी घाण होत नाही. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर एक तृतीयांश पाणी बदलावं. सगळं एकदम बदललं तर तापमानाच्या धक्क्याने मरतात. इंदूरच्या नळाचं पाणी मूळचं नर्मदेचंच, जलूदहून पंपाने वर आणलेलं, पण त्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ले जाळतं. उघड्या टबात एक दिवस ठेवूनच ते वापरावं. झिंग्यांना मात्र बादली नको. ओल्या पाणवनस्पतीत किंवा ओल्या कापडात गुंडाळून गार पेटीत ठेवले तर ते काही तास तगतात. कोंदट पाण्यात त्याहून लवकर मरतात.

आमिष नुसतं जिवंत असून भागत नाही, ते एका हाताने मिळालं पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दुहेरी बादल्या रूढ झाल्या त्या याचसाठी: आतली भोकांची बादली उचलली की पाणी निथळतं आणि मासे समोर येतात, कोपरापर्यंत हात बुडवून ढवळावं लागत नाही. ढवळण्याने माशांचे खवले जातात आणि तेही तासाभरात मरतात. घरी हे प्लास्टिकच्या चाळणीने जमतं, बादलीच्या तोंडाहून जरा लहान आणि कडेला दोन दोऱ्या. गांडुळांसाठी दोन्ही बाजूंना झाकण असलेला डबा घ्यावा. गांडुळं उजेड टाळून तळाशी जातात, म्हणून डबा पालथा करून तळाचं झाकण उघडलं की ती वरच असतात, माती उकरावी लागत नाही. आटे असलेल्या झाकणाची बरणी काठावर निरुपयोगी, कारण ती दोन हातांशिवाय उघडत नाही. मुख्य साठा सावलीत राहू द्यावा आणि वीस-पंचवीस गांडुळं कमरेच्या डबीत घ्यावीत. डबीत उरलेली, उन्हाने मलूल झालेली गांडुळं पुन्हा मुख्य साठ्यात टाकू नयेत.

नाकतोड्यांना बांबूचं पेर उत्तम. एक टोक गाठीने बंद, दुसऱ्याला बोटाएवढं भोक आणि त्यात कापडाचा बोळा; एका वेळी एकच बाहेर येतो. रुंद तोंडाची बरणी उघडली की सगळे उडून जातात. ते पकडावेत पहाटे, दवाने आखडलेले असताना. बेडूक कोणी सुचवला तरी वापरू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बेडकांच्या काही जातींना संरक्षण आहे आणि काठावर जात ओळखणं सोपं नसतं.

राहिलेल्या आमिषाचं काय करायचं, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा गंभीर आहे. इंदूरचा सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. अशा ठिकाणी गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करावीच. बाजारातून आणलेले मासे उरले तर तलावात सोडू नयेत. थाई मांगूरवर देशात २००० पासून बंदी आहे, कारण तो स्थानिक मासे फस्त करतो, आणि त्याची पिल्लं इतर माशांच्या पिल्लांत मिसळून येऊ शकतात. बादलीतलं पाणी काठापासून दूर कोरड्या जमिनीवर ओतावं. बादली, चाळणी आणि हवेचा दगड उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मगच दुसऱ्या तलावावर न्यावेत.