ग्रेन की नॉइज? लिओनेच्या वेस्टर्नमधल्या 'मुंग्या'

जुना वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदुकांचा सिनेमा, मोठ्या टीव्हीवर लावला की एक तक्रार ठरलेली असते: 'मुंग्या दिसतायत, प्रिंट खराब आहे.' दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या (1966) बाबतीत तर हमखास. पण त्या मुंग्या फिल्मचा ग्रेन, म्हणजे तिचे मूळ कण, असतील तर त्यांना हात लावायचा नसतो, आणि डिजिटल नॉइज, म्हणजे नंतर चित्रात शिरलेला बिघाड, असेल तर तो सहन करायचं कारण नाही. गडबड अशी की दोन्हींवर एकच औषध दिलं जातं.

ग्रेन म्हणजे चित्रावर बसलेली धूळ नाही, चित्रच त्याचं बनलेलं असतं. फिल्मवर प्रकाश पडतो तो चांदीच्या क्षारांच्या कणांवर. रंगीत फिल्म धुतली की चांदी निघून जाते आणि त्या कणांच्या जागी रंगाचे बारीक ठिपके उरतात. या सिनेमात ते ठसठशीत दिसतात, कारण तो टेक्निस्कोपमध्ये चित्रित झालाय. नेहमीच्या 35 मिमी फ्रेमला कडेची चार छिद्रं लागतात, टेक्निस्कोपला दोनच. हजार फुटांचं रीळ अकराऐवजी बावीस मिनिटं चालतं आणि साध्या लेन्सवरच रुंद चित्र मिळतं. निर्मात्याची चैन! पण निम्म्या उंचीची फ्रेम तेवढ्याच पडद्यावर ताणायची, म्हणजे कणही ताणले जाणार. स्पेनमधलं ते रखरखीत आभाळ बघा, सगळं सळसळत असतं. ते तसंच असायला हवं.

नॉइज म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो ते बहुतेकदा कॉम्प्रेशनचे, म्हणजे फाइल लहान करायला चित्र दाबल्यामुळे पडणारे, ठोकळे असतात. ओळखायचं कसं? ग्रेन दर फ्रेमला नवा असतो, एका जागी थांबत नाही, आणि उजेडातल्या भिंतीवरही दिसतो. ठोकळे अंधाऱ्या कोपऱ्यात, धुरात, आभाळाच्या हलत्या छटांमध्ये जमतात, एकाच जागी चिकटून राहतात आणि मग एकदम उडी मारतात. पॉज करून जवळ जा: चौकोनी कडा दिसल्या तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

गंमत म्हणजे ग्रेनच ठोकळ्यांना आमंत्रण देतो. कॉम्प्रेशन चालतं ते आधीच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधून, आणि दर फ्रेमला बदलणाऱ्या कणांचा अंदाज बांधणार कसा? ब्लू-रेच्या चित्राला सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जागा असते, तिथे ग्रेन टिकतो. स्ट्रीमिंगवर बरीच कमी, तिथे त्याचा चिखल होतो.

आता ते औषध: नॉइज रिडक्शन. ते कण पुसतं आणि कणांबरोबर चेहऱ्याची कातडीही. शेवटच्या दफनभूमीतल्या तिरंगी लढतीत नट ली व्हॅन क्लीफचे डोळे, घाम, सुरकुत्या हाच सगळा ऐवज आहे. तिथे मेण दिसायला लागलं तर बघायचं काय? 2009 च्या ब्लू-रेवर नेमकी ही टीका झाली. 2014 च्या 4के रिस्टोरेशनमध्ये बारकावे परत आले, पण रंग पिवळट झाल्याची नवी तक्रार सुरू झाली. मला विचाराल तर पिवळटपणा परवडला. रंग पुढच्या आवृत्तीत फिरवता येतो, पुसलेला तपशील त्या डिस्कवर तरी परत येत नाही.

आवाजातही हाच घोळ. मूळ ट्रॅक मोनो (एकाच वाहिनीचा) आहे, पुढे 5.1 (अनेक स्पीकरचं) मिश्रण आलं आणि त्यात बंदुकांचे बार नवे घातले गेले. मोनो म्हणजे खराब आवाज, असं मानून लोक सवयीने 5.1 निवडतात. मूळ बार काहीसे नाटकी, टणत्कार करत जाणारे आहेत आणि संगीतकार एन्निओ मॉरिकोनेच्या संगीताशी तेच जुळतात. डिस्कच्या मेनूत मोनोचा पर्याय असेल तर तो घ्या. टीव्हीतलं नॉइज रिडक्शन बंद करा, शार्पनेस खाली आणा आणि फिल्ममेकर मोड (चित्रावरच्या टीव्हीच्या करामती बंद करणारं सेटिंग) असेल तर तो लावा. एवढं करूनही ठोकळे दिसत असतील तर बहुधा सोर्सच, म्हणजे डिस्क किंवा स्ट्रीमच, तसा आहे, टीव्ही बदलून उपयोग नाही.